डोक्याचा मार आणि खेळांच्या संघटना: नियम नक्की कशाच्या धाकाने बदलतात?

सीमारेषा

कन्कशन (डोक्याला मार बसून मेंदूला होणारी इजा) झालेल्या खेळाडूच्या जागी दुसरा उतरवायचा, त्या कन्कशन बदलीवरून क्रिकेटच्या धाग्यावर वाद झाला तो एकाच सामन्याभोवती फिरत राहिला, म्हणून हा वेगळा धागा. अमेरिकन फुटबॉल, आइस हॉकी, रग्बी, फुटबॉल आणि क्रिकेट या खेळांच्या संघटनांनी डोक्याच्या दुखापतींबाबत काय काय केलं ते शेजारी शेजारी मांडलं, तर क्रम बराचसा सारखा दिसतो. आधी "पुरावा अपुरा आहे". मग संघटनेनेच नेमलेली समिती. मग मार बसल्यावर काय करायचं याचा नियम. आणि सगळ्यात शेवटी, हात आखडून, मुळात मार कमी बसावेत म्हणून केलेले बदल. शेवटची पायरी रखडते कारण तिथे खेळालाच हात लावावा लागतो. आधीच्या तिन्हींत खेळ होता तसाच राहतो.

एनएफएलचं, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगचं, उदाहरण सगळ्यात ठळक. १९९४ मध्ये लीगने समिती नेमली आणि अध्यक्षपदी इलियट पेलमन यांना बसवलं. ते संधिवाताचे डॉक्टर, मेंदूचे नव्हेत. या समितीने वैद्यकीय नियतकालिकात लेखांची मालिकाच छापली. २००५ च्या एका लेखाचा निष्कर्ष असा होता की कन्कशन झालेला खेळाडू त्याच सामन्यात परत उतरला तरी फारसा धोका नाही. त्याच वर्षी शवविच्छेदन करणारे डॉक्टर बेनेट ओमालू यांनी दिवंगत खेळाडू माइक वेबस्टर यांच्या मेंदूत सीटीई (वारंवारच्या मारांशी जोडला गेलेला मेंदूच्या झिजेचा आजार) आढळल्याचं प्रसिद्ध केलं, तर समितीच्या सदस्यांनी तो लेख मागे घ्यायची मागणी केली. पुढे २०१६ मध्ये वृत्तपत्रांनी हेही बाहेर काढलं की समितीच्या आकडेवारीतून शंभरहून जास्त निदान झालेली कन्कशन्स गळालेली होती.

मग हललं कधी? ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकी काँग्रेससमोर सुनावणी झाली आणि प्रतिनिधी लिंडा सांचेझ यांनी लीगची तुलना थेट तंबाखू कंपन्यांशी केली. डिसेंबर २००९ मध्ये, म्हणजे दोनच महिन्यांत, लक्षणं दिसलेल्या खेळाडूला त्या दिवशी परत उतरवायचं नाही असा नियम आला. त्या दोन महिन्यांत नवं विज्ञान काही आलं नव्हतं.

कलमबहाद्दर

क्रम पटला. त्यात कोर्टाची बाजू जोडतो, कारण "दाव्यामुळे नियम बदलतात" हे विधान अर्धंच खरं आहे.

एनएफएलवर २०११ पासून दावे लागले आणि २०१३ पर्यंत साडेचार हजारांहून अधिक माजी खेळाडू त्यात आले. ऑगस्ट २०१३ मध्ये ७६.५ कोटी डॉलर्सवर तडजोड ठरली. न्यायाधीश अनिता ब्रॉडी यांनी जानेवारी २०१४ मध्ये ती अडवली, कारण एवढी रक्कम सगळ्या पात्र खेळाडूंना पुरेल याची त्यांना खात्री वाटेना. रकमेवरची कमाल मर्यादा काढल्यावर एप्रिल २०१५ मध्ये अंतिम मंजुरी मिळाली, आणि वाटप शंभर कोटींच्या पुढे गेलं.

आता बारीक अक्षरातलं वाचा. लीगने चूक कबूल केलेली नाही. अंतर्गत कागदपत्रं विरुद्ध बाजूला देण्याची पायरी येण्याआधीच प्रकरण मिटलं, त्यामुळे ती कागदपत्रं या दाव्यातून कधी बाहेर आलीच नाहीत. सीटीईची भरपाई मंजुरीच्या तारखेआधी मृत्यू झालेल्यांच्या कुटुंबांनाच. त्यानंतर दगावलेल्यांना निव्वळ त्या निदानावर काही मिळत नाही. जिवंत खेळाडूंना स्मृतिभ्रंश, अल्झायमर, पार्किन्सन किंवा एएलएस (स्नायू हळूहळू निकामी करणारा चेतासंस्थेचा आजार) सिद्ध करावं लागतं. त्यातही स्मृतिभ्रंशाच्या चाचण्यांमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंची मूळ बौद्धिक पातळी कमी धरायची पद्धत होती. म्हणजे एकाच गुणांवर गोऱ्या खेळाडूची घसरण मान्य व्हायची आणि कृष्णवर्णीय खेळाडूचा अर्ज फेटाळला जायचा. २०२० मध्ये यावर दावा झाला, तेव्हा कुठे जून २०२१ मध्ये लीगने ही पद्धत थांबवायचं कबूल केलं.

आइस हॉकीच्या लीगमध्ये, एनएचएलमध्ये, नेमकं उलटं घडलं. तिथे कागदपत्रं उघड झाली, अधिकाऱ्यांचे ईमेल २०१६ मध्ये जाहीरपणे वाचले गेले, नाचक्की झाली. पण जुलै २०१८ मध्ये न्यायालयाने खेळाडूंना एक गट म्हणून दावा चालवू द्यायला नकार दिला. त्याच नोव्हेंबरात प्रकरण १.८९ कोटी डॉलर्सवर मिटलं. ३१८ खेळाडू, प्रत्येकी साधारण २२ हजार डॉलर्स. लीगने सीटीईशी संबंध मान्य केला नाही तो नाहीच. संघटना नाचक्की पचवते. एकत्रित दावा उभा राहिला की मात्र तिला हिशेब करावा लागतो.

फॉरवर्ड_शॉर्टलेग

क्रिकेटमध्ये कोर्टाचा असा रेटा नव्हता. तिथे दबाव आला तो थेट मैदानातून. २५ नोव्हेंबर २०१४ ला सिडनीत फिलिप ह्यूजला बाउन्सर मानेवर लागला आणि दोन दिवसांनी तो गेला. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण चर्चेत दोन दुखापतींची नेहमी सरमिसळ होते. ह्यूजचा मृत्यू कन्कशनने झाला नाही. मानेतून मेंदूकडे जाणारी कशेरुका धमनी फाटली आणि मेंदूभोवती रक्तस्राव झाला. चेंडू हेल्मेट संपतं त्याच्या खाली लागला होता. त्याचं हेल्मेट जुन्या बनावटीचं होतं, पण त्या वेळचं नवं हेल्मेटही ती जागा पुरती झाकत नव्हतं.

म्हणजे उपायही दोन हवे होते. धमनीसाठी मानेचा गार्ड, हेल्मेटच्या मागे अडकवायचा. आणि कन्कशनसाठी बदली खेळाडू. ऑस्ट्रेलियाने २०१६-१७ च्या मोसमात देशांतर्गत मर्यादित षटकांच्या सामन्यांत बदलीचा नियम आणला. आयसीसीला १ ऑगस्ट २०१९ उजाडावा लागला. मानेचा गार्ड तर ऑस्ट्रेलियातसुद्धा वेगवान गोलंदाजीसमोर सक्तीचा झाला तो ऑक्टोबर २०२३ मध्ये, ह्यूजच्या मृत्यूला नऊ वर्षं होत आली तेव्हा. मधल्या काळात "मान वळवायला अडचण होते" या फलंदाजांच्या तक्रारीपुढे कोणी गेलं नाही.

नियम आल्या आल्या लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथची घटना घडली. जोफ्रा आर्चरचा चेंडू मानेवर लागला, स्मिथ ८० धावांवर बाहेर गेला, चाचण्यांत उत्तीर्ण झाला, परत येऊन ९२ पर्यंत खेळला. दुसऱ्या दिवशी लक्षणं दिसली आणि मार्नस लबुशेन कसोटीतला पहिला कन्कशन बदली ठरला. चाचण्या करणाऱ्यांनी हलगर्जी केली असं कुणी म्हणू शकत नाही. लक्षणं उशिरा येऊ शकतात, आणि आयसीसीच्या नियमात दुसऱ्या दिवशीही बदली उतरवता येत होता.

नंतरचे वाद "तशाच प्रकारचा खेळाडू" या अटीवरून झाले. डिसेंबर २०२० मध्ये जडेजाच्या जागी चहल आला आणि तीन बळी घेऊन सामनावीर झाला. जानेवारी २०२५ मध्ये शिवम दुबेच्या जागी हर्षित राणा आला, त्यानेही तीन बळी घेतले आणि बटलरने उघड नाराजी दाखवली. परिणाम असा की आता संघांना सामन्याआधीच यष्टिरक्षक, फलंदाज, वेगवान गोलंदाज, फिरकी गोलंदाज आणि अष्टपैलू यांसाठीचे बदली जाहीर करावे लागतात, आणि निदान झालेल्या खेळाडूला किमान ७ दिवस सक्तीची विश्रांती आहे. माझ्या मते ७ दिवसांची अट जास्त मोलाची. जो आठवडाभर खेळू शकणार नाही त्याचं कन्कशन खोटं दाखवण्यात संघाचा तोटाच आहे.

तिसरा_पंच

एक साधा प्रश्न. हेल्मेट सुधारत गेली तर यातलं बरंचसं आपोआप सुटणार नाही का? क्रिकेटच्या हेल्मेटांना २०१३ चं नवं ब्रिटिश मानक आहे, आयसीसीने ते २०१७ पासून लागूही केलं.

मृणाल_न्यूरो

नाही सुटणार. हेल्मेट कवटी वाचवतं. २०१३ च्या मानकाने चेंडू जाळी आणि छज्जा यांच्या फटीतून चेहऱ्यापर्यंत पोहोचतो का हे तपासायला लावलं आणि त्याचा फायदा झाला. पण कन्कशन होतं ते डोकं एकदम गरकन फिरल्यामुळे. कवटी फिरते, आतला मऊ मेंदू मागे राहतो, त्याचे धागे ताणले जातात. बाहेर किती जाड कवच आहे याने त्या फिरण्याला थोडाच फरक पडतो. शिवाय सीटीईचा संबंध एकूण साठलेल्या मारांशी आहे, ज्यांत लक्षण एकही दिसत नाही असे हजारो छोटे हादरेही आले. त्यात टाऊ प्रथिन मेंदूच्या वळ्यांच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांभोवती साठतं. खात्रीचं निदान मृत्यूनंतरच होतं.

इथेच संघटनांना पळवाट मिळते. "आम्ही कन्कशनचा प्रोटोकॉल कडक केला" हे खरं असतं आणि तरीही छोट्या हादऱ्यांची संख्या तेवढीच राहते.

उलट बाजूची अतिशयोक्तीही टाळूया. बॉस्टनच्या २०१७ च्या अभ्यासात एनएफएलच्या १११ पैकी ११० मेंदूंत सीटीई आढळला. पण ते मेंदू कुटुंबांनी दान केलेले होते, बहुतेकांना त्रास दिसत होता म्हणूनच. त्यावरून "९९ टक्के खेळाडूंना सीटीई" म्हणणं चूक. अशी एक चूक सापडली की संघटनांचे वकील सगळा विषय तिच्याभोवती फिरवतात.

उजवी_बगल

फुटबॉलकडे येतो. २०१४ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात जर्मनीच्या क्रिस्तोफ क्रामरला १७ व्या मिनिटाला खांदा लागला. त्याने पंच रिझोली यांना विचारलं, हा अंतिम सामनाच आहे ना? तो ३१ व्या मिनिटाला बाहेर गेला. जगातल्या सगळ्यात मोठ्या सामन्यात, शेकडो कॅमेरे असताना, चौदा मिनिटं.

कारण सरळ आहे. फुटबॉलमध्ये खेळाडू तपासणीसाठी बाहेर काढला तर संघ तेवढा वेळ दहा जणांवर खेळतो. २०१४ मध्ये यूएफाने (युरोपची फुटबॉल संघटना) तपासणीसाठी ३ मिनिटं खेळ थांबवायची मुभा दिली, पण तीन मिनिटांत फक्त ढळढळीत प्रकार कळतात. सयुक्तिक उपाय म्हणजे तात्पुरता बदली: दहा-बारा मिनिटं दुसरा खेळाडू आत, तोवर शांतपणे तपासणी. फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या आयफॅबने २०२१ पासून कायमच्या जादा बदलीची चाचणी मान्य केली, म्हणजे बाहेर गेला तो गेला. प्रीमियर लीग, फ्रान्सची लीग आणि अमेरिकेची एमएलएस यांनी तात्पुरत्या बदलीची परवानगी मागितली, ती जानेवारी २०२३ मध्ये नाकारली गेली. २०२४ पासून कायमची बदली नियमपुस्तकात आली. प्रत्येक संघाला एक, आणि गैरफायदा नको म्हणून समोरच्यालाही एक जादा बदली.

कायमच्या बदलीतली अडचण बघा. संशय आहे पण खात्री नाही, अशा वेळी डॉक्टरला चांगला खेळाडू उरलेल्या सामन्यासाठी गमवायचा निर्णय तिथल्या तिथे घ्यावा लागतो. प्रशिक्षक शेजारी उभा असतो. २०२२ च्या विश्वचषकात इराणचा गोलरक्षक बैरानवंद धडकेनंतर बराच वेळ उपचार घेऊन परत उभा राहिला आणि काही क्षणांत कोसळल्यासारखा झाल्यावर बाहेर गेला. तेव्हा हीच कायमची बदली उपलब्ध होती.

हेडिंगची, म्हणजे डोक्याने चेंडू मारण्याची, गोष्ट वेगळी. इंग्लंडचे माजी खेळाडू जेफ अॅसल यांच्या मृत्यूनंतर २००२ मध्येच इंग्लंडच्या शवचौकशीत "औद्योगिक आजार" असा निर्णय झाला होता. मोठा अभ्यास यायला २०१९ उजाडलं. ग्लासगोत विली स्टुअर्ट यांच्या गटाने ७,६७६ माजी व्यावसायिक खेळाडूंच्या नोंदी तपासल्या. मेंदूच्या झिजेच्या आजाराने मृत्यूचं प्रमाण सर्वसामान्यांच्या साडेतीन पट. पुढच्या विश्लेषणात गोलरक्षकांचा धोका जवळपास सामान्य, बचावपटूंचा सर्वाधिक. हेडिंग कोण जास्त करतं ते सांगायला नको.

त्यानंतर मात्र हालचाल झाली. २०२० मध्ये लहान मुलांच्या सरावातून हेडिंग काढलं, २०२१ पासून इंग्लंडमधल्या व्यावसायिकांना आठवड्याच्या सरावात जास्तीत जास्त १० जोरदार हेडर. जोरदार म्हणजे ३५ मीटरपेक्षा लांबून आलेले, किंवा क्रॉस, कॉर्नर, फ्री किकवरचे. नियम चांगला, पण मोजायचं क्लबने स्वतःच. स्कॉटलंडने सामन्याच्या आदल्या आणि नंतरच्या दिवशी सरावात हेडिंग बंद केलं. ते पाळलं की नाही हे बाहेरून दिसतं, म्हणून मला जास्त भरवशाचं वाटतं.

लूजहेड

रग्बीचा इतिहास यात सगळ्यात वेडावाकडा आहे. २०११ पर्यंत कन्कशन झालं की तीन आठवडे सक्तीने बाहेर. तो नियमच काढला, कारण खेळाडू लक्षणं लपवतात असं कारण दिलं गेलं. २०१२ मध्ये मैदानाशेजारची पाच मिनिटांची चाचणी आली. त्याविरुद्ध बॅरी ओड्रिस्कॉल यांनी आंतरराष्ट्रीय संघटनेच्या वैद्यकीय सल्लागारपदाचा राजीनामा दिला. त्यांचं म्हणणं एवढंच, की संशय आला तर खेळाडू बाहेर, पाच मिनिटांत त्याला निर्दोष ठरवायचं नाही. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियाचा जॉर्ज स्मिथ ब्रिटिश-आयरिश लायन्स संघाविरुद्ध डोक्याला डोकं आपटून झोकांड्या खात बाहेर गेला आणि काही मिनिटांत परत आला.

टीका झाल्यावर चाचणी १० मिनिटांची झाली, आता १२. तात्पुरता बदली असल्याने रग्बी इथे फुटबॉलच्या पुढे आहे. रचना अशी: शुद्ध हरपणं, तोल जाणं, आचके, स्पष्ट गोंधळ यांतलं काहीही दिसलं तर चाचणी नाहीच, खेळाडू कायमचा बाहेर. नुसता संशय असेल तर मैदानाबाहेर पहिली चाचणी, सामन्यानंतर तीन तासांत दुसरी, ३६ ते ४८ तासांत तिसरी. क्रिकेटच्या स्टीव्ह स्मिथसारखी उशिरा येणारी लक्षणं तिसरीत सापडतात.

डिसेंबर २०२० मध्ये स्टीव्ह थॉम्प्सन आणि इतरांनी दावा जाहीर केला. थॉम्प्सन २००३ चा विश्वचषक जिंकलेल्या इंग्लंडच्या संघात होते आणि त्यांना तो सामना आठवत नाही. पुढच्या वर्षी सरावातल्या पूर्ण ताकदीच्या संपर्काला आठवड्याला १५ मिनिटांची मर्यादा सुचवली गेली. सुचवली, सक्ती नाही. २०२४ पासून वरच्या स्तरावर सेन्सर असलेले माउथगार्ड. तेव्हाच्या मर्यादेनुसार पुरुषांसाठी ७० जी (गुरुत्वाकर्षणाच्या सत्तर पट हादरा), महिलांसाठी ५५ जी आणि दोघांसाठी प्रति सेकंद वर्ग ४००० रेडियन इतकं वळणाचं त्वरण ओलांडलं की डॉक्टरला इशारा जायचा. सुपर रग्बीत खेळाडूंनी काही आठवड्यांतच तक्रार केली की काही जाणवत नसताना आम्हाला बाहेर काढतात. मग नियम सैल झाला: आधी मैदानावरच पाहणी, पूर्ण चाचणी मध्यंतराला किंवा सामन्यानंतर. काही जाणवत नसलेल्या खेळाडूलाही शोधावं म्हणूनच तो सेन्सर बसवला होता.

दबाव दोन्ही बाजूंनी येतो हेही लक्षात घ्या. इंग्लंडच्या संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये हौशी खेळात टॅकल (समोरच्याला पकडून पाडणं) कंबरेखालीच असा नियम जाहीर केला. खेळाडू आणि क्लब भडकले, संघटनेला माफी मागावी लागली आणि रेषा छातीच्या हाडाच्या तळापर्यंत वर सरकली. मार कमी करणारा नियम खेळणाऱ्यांना विचारल्याशिवाय आणला तर असा कोसळतो.

सीमारेषा

टॅकलच्या मुद्द्यावर सहमत. एनएफएलने किकऑफ (खेळ सुरू करायची किक) बदलला तो याच जातीचा बदल. २०११ मध्ये किक ३० ऐवजी ३५ यार्डांवरून. २०२४ मध्ये तर दोन्ही बाजूंचे बहुतेक खेळाडू समोरासमोर जवळ उभे, आणि चेंडू खाली पडेपर्यंत किंवा पकडला जाईपर्यंत हलायचं नाही, म्हणजे लांबून धावत येऊन धडकणं बंद. पण जिथे प्रोटोकॉलच तोकडा होता तिथे काय झालं तेही पाहा: सप्टेंबर २०२२ मध्ये टुआ टॅगोवायलोआ झोकांड्या खाताना सगळ्यांना दिसला, पाठदुखीचं कारण देऊन परत खेळला, आणि चारच दिवसांनी मैदानावर बोटं वाकडी होऊन पडला. त्यानंतर काही दिवसांत "तोल जाणं" हे लक्षण थेट कायमचं बाहेर काढण्याच्या यादीत आलं. रग्बीच्या यादीत ते आधीच होतं.

समित्यांबद्दल एकच जोडतो. जगभरच्या प्रोटोकॉलचा आधार असलेल्या तज्ज्ञगटाचे अध्यक्ष पॉल मॅक्रोरी यांनी मार्च २०२२ मध्ये वाङ्मयचौर्याच्या आरोपांनंतर पद सोडलं. गटाच्या परिषदांना पैसा देणाऱ्यांत फिफा आणि ऑलिंपिक समितीसारख्या संघटना. विज्ञान खोटं ठरत नाही त्याने, पण लेखकांच्या यादीशेजारी पैसा कुणाचा हे वाचायची सवय हवी.

तिसरा_पंच

हे सगळं वरच्या स्तराचं. जिथे डॉक्टर नाही, माउथगार्ड नाही, अशा छोट्या संघटनेने किंवा क्लबने नियमावलीत नेमकं काय लिहावं?

मृणाल_न्यूरो

तिथे मैदानावर चाचणी करून परत पाठवायची सोयच ठेवू नका. संशय आला, बाहेर, त्या दिवशी परत नाही. निर्णय प्रशिक्षकाकडे न ठेवता त्या सामन्यात हितसंबंध नसलेल्या एका नावाने नेमलेल्या माणसाकडे द्या, आणि पंचालाही थांबवायचा अधिकार लिहा. मानदुखी, वाढत जाणारी डोकेदुखी, वारंवार उलट्या, आचके, हातापायात मुंग्या किंवा अशक्तपणा, दुहेरी दिसणं, शुद्ध कमी होत जाणं, यांतलं काहीही दिसलं तर वाट न बघता थेट रुग्णालय. मानेला इजा असू शकते म्हणून हेल्मेट ओढून काढायचं नाही.

पहिले २४ ते ४८ तास सापेक्ष विश्रांती: हलकं चालणं चालतं, अंधाऱ्या खोलीत पडून राहायची गरज नाही, पण स्क्रीन कमीत कमी. मग सहा टप्पे: रोजची हालचाल, हलका ते मध्यम एरोबिक व्यायाम, एकट्याने खेळाचा सराव, संपर्काशिवाय संघाबरोबर सराव, पूर्ण संपर्काचा सराव, सामना. प्रत्येक टप्प्याला किमान २४ तास. चौथा टप्पा लक्षणं पूर्ण गेल्यावर आणि वैद्यकीय परवानगीनेच. ब्रिटनच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचना हौशी खेळाडूला सामन्यासाठी किमान २१ दिवस सांगतात. डॉक्टर हाताशी नसेल तर तोच आकडा लिहून टाका. मुलांच्या बाबतीत आधी शाळा, मग खेळ.

मोसमाआधीच्या चाचणीवर फार विसंबू नका. पुढे गुण कमी भरले तरी फरक दिसू नये म्हणून खेळाडू तिथे मुद्दाम कमी गुण घेतात.

कलमबहाद्दर

आणि त्याच नियमावलीत नोंदीचं एक पान जोडा. सामन्याचं कोणतं मिनिट, मार कसा बसला, काय दिसलं, बाहेर काढायचं कुणी ठरवलं, कुणाच्या ताब्यात घरी पाठवलं, परतीचा प्रत्येक टप्पा कोणत्या तारखेला आणि कुणाच्या सहीने. एक प्रत खेळाडूला द्यायचीच, कारण पुढे तो क्लब बदलतो आणि आधीच्या कन्कशनची माहिती तिथे पोहोचत नाही. "मी स्वतःच्या जबाबदारीवर खेळतो" अशी सही घेण्याचा प्रकार मात्र करू नका. गोंधळलेल्या अवस्थेतल्या माणसाची सही कोर्टात टिकणं कठीण आणि लहान मुलाच्या बाबतीत तर तिला काही किंमतच नाही.